गप्प झालेलं अंडं

“…पण काका, अंडं उबवायला नेमके किती दिवस धरले होते तुम्ही?”

बोल्लीकाका वाचत होते. मांडीवरच्या पुस्तकाचं त्यांनी आणखी एक पान उलटलं.

पुस्तक परागनं लिहिलेलं होतं, एका खेळाच्या नियमांचं. पराग कस्तुरे, वय चव्वेचाळीस. पुण्यात त्याचं खेळमंडळ होतं. कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळायचा खेळ. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगत जातो. टेबलाभोवतीचे बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि आता काय करायचं ते आपापलं ठरवतात. पराग तिथला मोठा सूत्रधार. त्याच्या टेबलावर जागा मिळावी म्हणून लोक चार-चार महिने आधी नाव नोंदवत.

हा खेळ त्याला बोल्लीकाकांनी शिकवला होता. बत्तीस वर्षांपूर्वी, सोलापुरात, रेल्वे कॉलनीच्या एका व्हरांड्यात.

काका तेव्हा रेल्वेत नकाशे काढायचे. त्यांच्या जहाजावरच्या भावानं परदेशातून एक फाटकं नियमपुस्तक आणि सात फासे आणून दिले होते. इंग्रजी अवघड होतं. काकांनी निम्मे नियम वाचले, निम्मे मनानं केले. दर रविवारी सकाळी सतरंजी पडायची आणि तीन मुलं यायची. पराग, जयंत आणि फरीदा.

आता काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. घर बदललं होतं, सतरंजी गेली होती. शेजारच्या कारखान्यातल्या मागांचा खटखटाट खिडकीतून येत होता.

“सहा तक्ते आहेत काका,” पराग पुढं सरकला. “ड्रॅगनच्या अंड्याची जात, उष्णता, ओल, दिवस. एक अंश जरी उतरला तरी फासा टाकायचा. पिल्लू बाहेर आल्यावर त्याचा आहार, राग, पंख कधी फुटणार… सगळं. इतकं बारीक काम मराठीत कुणीच केलेलं नाही.”

“होय की. दिसतंय.”

“तुम्हाला अर्पण केलंय. पुढच्या रविवारी प्रकाशन. तुम्ही यायचंच.”

काकांनी अर्पणपत्रिकेवर बोट ठेवलं. स्वतःचं नाव वाचलं. मग विचारलं,

“यात अंडं सांभाळतं कोण?”

“म्हणजे? खेळाडू. फासा टाकून.”

“हं…”

काका थोडं हसले.

“जयंत त्याला रेल्वेचं वेळापत्रक वाचून दाखवायचा. आठवतं?”

परागही हसला. आठवत होतंच.

त्या खेळातल्या गोष्टीत तिघांना एका गुहेत ड्रॅगनचं अंडं सापडलं होतं. पुढच्या रविवारी काका खरंच एक अंडं घेऊन आले. कुंभाराकडून करून आणलेलं, भाजलेल्या मातीचं, ओंजळीत मावेल एवढं. वरून निळे ठिपके. हलवलं की आत काहीतरी खुळखुळायचं.

काकांनी एकच नियम सांगितला. अंडं आठवडाभर एकाच्या घरी राहील. त्यानं ते उबेत ठेवायचं, एकटं टाकायचं नाही, त्याच्याशी बोलायचं. रविवारी येऊन काय काय झालं ते सांगायचं. तुम्ही जे सांगाल, त्यावरून आतलं पिल्लू कसं होणार ते ठरेल.

मग काय विचारता! जयंतनं त्याला सगळ्या गाड्यांच्या वेळा ऐकवल्या. फरीदा त्याला तांदळाच्या डब्यात ठेवायची आणि पाढे म्हणून दाखवायची. एकोणीसच्या पाढ्याला ते जास्त वाजतं, असं ती शपथेवर सांगायची. पराग शाळेत दप्तरात घालून न्यायचा. एकदा मधल्या सुट्टीत त्यानं ते स्वेटरखाली धरलं आणि पोट दुखतंय असं वाटून बाईंनी त्याला घरी पाठवलं.

“काय दिवस होते, काका.”

“होते खरे.”

काकांच्या सुनेनं चहा आणून ठेवला. काकांनी तो घेतला नाही. ते पुस्तकाच्या सुरुवातीला आले आणि प्रस्तावना मोठ्यानं वाचू लागले. चष्मा असूनही शब्द सावकाश येत होते.

“‘आमचं पहिलं अंडं… एका मैत्रिणीच्या निष्काळजीपणामुळं फुटलं. तेव्हा पक्के नियम असते, तर ते वाचलं असतं. या पुस्तकाचा जन्म… त्या दिवशी झाला.’”

त्यांनी वर पाहिलं.

“फरीदा ना ही?”

“नाव नाही घातलं मी.”

“होय. नाव नाही.”

काकांनी पुस्तक मिटलं.

“फुटलं तेव्हा आत काय होतं रे?”

“मातीची गोळी,” पराग म्हणाला. “चिंचोक्याएवढी. एका बाजूनं चपटी.”



माग खटखटत राहिले.

“फरीदा शनिवारी दुपारी आली होती माझ्याकडं,” काका हळू म्हणाले. “ओढणीत तुकडे बांधून. एकटीच. म्हणाली, ‘काका, आत काहीच नव्हतं.’”

परागनं कप उचलला होता. तो त्यानं परत बशीत ठेवला.

“तुकड्यांच्या कडांना डिंक होता. पिवळा पडलेला.”



“तुम्हाला… तेव्हाच कळलं होतं?”

“कुणाचा हात ते कळलं नव्हतं. तिच्या आधी अंडं तुझ्याकडं होतं, तुझ्या आधी जयंतकडं. तिला डिंकाचं काहीच माहीत नव्हतं. तेवढंच. तुझी चूक नाही म्हटलं तिला, पटलं नाही.”

पराग खाली बघत बोलू लागला.

“मला राहवलं नाही काका. तुम्ही सांगतच नव्हता आत काय आहे. मला सगळ्यांच्या आधी कळायला पाहिजे होतं. बाबांची हातोडी घेतली, नुसतं टिचवायचं म्हणून… दोन तुकडे झाले. आत ती गोळी. एवढीशी. मला इतका राग आला! मी ती विहिरीत फेकून दिली. नंतर घाबरलो. डिंकानं जोडलं, ठिपके पुन्हा रंगवले आणि रविवारी तिच्या हातात दिलं.”

“मग ते वाजेना.”

“हो.”

“ती मला म्हणाली, ‘माझ्याकडं आल्यापासून ते गप्प झालंय. गार पडलं असेल.’ म्हणून तिनं ते चुलीजवळ ठेवलं. डिंक सुटला.”

परागला हे माहीत नव्हतं. त्या रविवारी काका इतकंच म्हणाले होते, अंडं फुटलं, फरीदा येणार नाही. तो आणि जयंत गप्प बसले होते. फरीदा मग कधीच आली नाही. कॉलनीत समोरून दिसली की ती रस्ता बदलायची. आपल्यावर चिडली असेल असं त्याला वाटायचं. पुढं त्याला स्वतःलाच खरं वाटू लागलं की अंडं तिच्याच हातून फुटलं.

“तुम्ही मला विचारलं का नाही?”

“दर रविवारी विचारत होतो की. खेळ सुरू करायच्या आधी. ‘कुणाला काही सांगायचंय का?’ सहा रविवार विचारलं. मग माझी भुसावळला बदली झाली, खेळ तिथंच थांबला.”

परागला तो प्रश्न आठवला. तो दर वेळी फाशांची पिशवी उघडायच्या घाईत असायचा.

त्यानं पुस्तकाकडं हात नेला.

“छापून झालंय हे. हजार प्रती.”

काकांनी पुस्तक त्याच्याकडं सरकवलं. 

“ती कुठं असते?”

“बार्शीला. हायस्कूलवर शास्त्र शिकवते. ईदला येते दर वर्षी, शीरखुर्मा घेऊन.”

“कधी काही… विचारते?”

“नाही.”

काका उठले. भिंतीला हात लावत कपाटापर्यंत गेले, फोन घेऊन आले. नंबर लावला आणि घंटा वाजायला लागल्यावर फोन परागच्या हातात ठेवला.

पराग उभा राहिला.

“काका? तब्येत बरी आहे ना?” पलीकडून आवाज आला. थोडा जाड झालेला, पण तोच.

“फरीदा… मी पराग. कस्तुरेंचा.”

“…पराग? रेल्वे कॉलनीतला?”

“हो. मला एक सांगायचंय. मधे तोडू नकोस, नाहीतर माझ्यानं व्हायचं नाही.”

त्यानं सांगितलं. हातोडी, गोळी, विहीर, डिंक. प्रस्तावनेत काय लिहिलंय तेही वाचून दाखवलं.  ती सगळी पानं काढून टाकीन, प्रकाशन पुढं ढकलीन, तेही म्हणाला.

पलीकडं शाळेची मधली सुट्टी असावी. मुलांचा कल्लोळ ऐकू येत होता.

“म्हणजे माझ्याकडं आलं तेव्हाच ते गप्प होतं?”

“हो.”

“मी अम्मीला सांगितलं होतं, मला झोप लागली म्हणून ते मेलं.” ती थांबली. “अकरा वर्षांची होते रे मी. कित्येक महिने उठून उठून बघायचे… धाकट्या भावाचा श्वास चालू आहे ना.”

परागनं हातातलं पुस्तक मिटलं. 

“काकांना दे,” ती म्हणाली.

त्यानं फोन दिला. काकांनी तो कानाला लावला आणि डोळे मिटून ऐकत राहिले. बरंच ऐकलं. मधे एकदा “हं” म्हणाले. शेवटी दोन शब्द बोलले, इतके हळू की परागला कळले नाहीत. फोन ठेवला.

“रडत होती?”

“होय.”

“चिडलीय माझ्यावर?”

“चिडलीय की.”

पराग खुर्चीत बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. काकांनी गार झालेला चहा उचलला आणि एका घोटात संपवला.

“काका… अजून काय म्हणाली?”

“विचारत होती, तो खेळ आपण अर्धाच सोडला, तेव्हा डाव कुणाचा होता.”

“मग? तुम्ही काय सांगितलंत?”

“म्हटलं, ‘तुझाच डाव.’”