लाजाळूचं नवं नाव

फार वर्षांपूर्वी, रानातून शहरातल्या बागेत आणलेल्या लाजाळूपुढे माळ्याने तिच्या शास्त्रीय नावाची पाटी रोवली: ‘मिमोसा पुडिका’. लाजाळू हिरमुसली. रानातल्या गुराख्यांच्या ‘लाजाळू, लाजाळू’ अशा हाका आठवून ती झुरू लागली. तिला नवी पानं फुटेनात.

हिवाळ्यात दूरदेशाहून परीट पक्षी आला. “का गं सुकलीस?”

“माझं नाव गेलं, दादा. आता रानातलं कुणी आलं, तरी मला ओळखेल कसं?”

“अगं, मुलखामुलखांत तुला वेगळी हाक मारतात. पाटीवरच्या नावाने मात्र तू सगळीकडे ओळखली जातेस. आणि लॅटिनमध्ये पुडिका म्हणजे काय, ठाऊक आहे का? लाजरी!”

“म्हणजे नाव ठेवणाऱ्यानेही आधी मला बोट लावून पाहिलं होतं?” असं म्हणत लाजाळूने हळूच पानं मिटून घेतली.