दंडावरचा धागा

"या ताइतात आहे तरी काय?"

डॉक्टर हिमानी कारखानीस यांनी आल्या आल्या हेच विचारलं. नमस्कार वगैरे काही नाही. मी त्यांचा जीपवाला. मलाच ओशाळल्यासारखं झालं.

लतीफशाबाबा चिंचेखाली बसले होते. गुरुवार होता. सातपुड्याच्या पाड्यांवरून आया आपली सुकलेली लेकरं घेऊन आल्या होत्या.

बाई हुशार, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक. पण मनाच्या खोट्या नव्हेत. रुमलीचं दीड वर्षाचं पोर वाळत चाललं होतं. दवाखान्यात आण म्हणून त्या तीनदा तिच्या पाड्यावर गेल्या. रुमलीचं एकच, बाबांनी ताइताचा धागा बांधलाय, बाबा म्हणतील तेव्हा येईन. आणखी आठवडा गेला तर पोर हातचं जाणार होतं.

"तोडा तो धागा," बाई म्हणाल्या.



बाबांनी आयांमध्ये बसलेल्या रुमलीला जवळ बोलावलं. पोराच्या दंडावरच्या धाग्याखाली एक बोट घातलं. मग दुसरं घातलं.

"मागच्या गुरुवारी एकच जात होतं..."

त्यांनी धागा हलकेच खाली ओढला. गाठ न सोडता तो कोपरावरून, मनगटावरून सरळ हातात आला.

"माझं काम संपलं, रुमली. या बाईंबरोबर जा. आत्ताच."

आणि रुमली मुकाट उठली. तीन खेपांत जे झालं नव्हतं, ते एका शब्दात झालं.

बाईंनी ताईत उघडून पाहिला. आत काहीच नव्हतं.

मग त्यांनी धाग्याच्या वेढ्यात आपलीही दोन बोटं घालून पाहिली. पोर किती सुकलंय ते कळायला दंड मोजायची पट्टी त्यांच्याही पिशवीत होती. ती बाहेर काढली की आया पोरं पदराआड घेत. इथं त्याच आया दर गुरुवारी आपणहून पोराचा दंड पुढे करत होत्या.

खरं सांगतो, त्या म्हाताऱ्याचे पाय धरावेत असं वाटलं मला.

"बाबा..." बाईंचा आवाज उतरला होता. "दवाखान्यातल्या पोरांना मीही असा धागा बांधू?"

"बांध ना, बेटी."

रुमलीनं पोर खांद्यावर घेतलं, तशा तिच्या बांगड्या घसरत पार कोपरापर्यंत गेल्या. बाबा तिकडेच बघत होते.

"पण आधी हिला जेवू घाल."