लाल बटणावरचा कागद

एकदा एका शेअर व्यापाऱ्याच्या कचेरीत एक वृद्ध प्रोग्रामर होते. डोळ्याचं पातं लवायच्या आत शेकडो सौदे करणारा तिथला प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला. त्यांच्या हाताखाली एक तरुणी हे काम शिकत होती. तिला सहा महिने पुरे होत आले होते आणि नोकरीत कायम झाल्याचं पत्र त्याच आठवड्यात मिळायचं होतं.

एके दुपारी तिच्या लक्षात आलं, की प्रोग्राम एकच सौदा पुन्हा पुन्हा करतो आहे. गुरू जेवायला गेले होते आणि शेठचा फोन लागेना. तिने भिंतीवरच्या लाल बटणाचं झाकण उचललं आणि बटण दाबलं. सगळे सौदे जागच्या जागी थांबले.

तासाभराने शेठ आले. चूक सापडली होती, मोठं नुकसान टळलं होतं, हे त्यांना सांगून झालं. पण त्यांना सलत होती भलतीच गोष्ट. "मला न विचारता काम बंद पाडलंस?" पत्र त्यांनी खणात टाकलं आणि बटणाच्या झाकणावर स्वतः एक कागद चिकटवला: 'शेठना विचारल्याशिवाय हात लावू नये.' भल्या माणसाचा अहंकारही कधीकधी असा डिंक घेऊन फिरतो.

तरुणीला रडू आलं नाही, रागच आला. "सर, माझं काय चुकलं?"

"आता नियम पाळू या," एवढंच म्हणून गुरूंनी त्या संध्याकाळी प्रोग्राममध्ये चार ओळी वाढवल्या.

तिने त्या वाचल्या आणि ती गोंधळली. "सर, हे तर यंत्राचे पाय बांधणं झालं. शेठ तुम्हालाही काढतील."

"काढू देत."

दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच शेठचा फोन वाजू लागला. प्रत्येक सौद्याआधी प्रोग्रामच विचारत होता, 'हा सौदा करू का?' त्याला हो म्हणेपर्यंत पुढचा प्रश्न हजर, मग त्याच्या पुढचा. पाच मिनिटांत शेठ लालबुंद होऊन बाहेर आले.

"कोणी केला हा आचरटपणा?"

"मी केला," गुरू शांतपणे म्हणाले. "शेठ, या यंत्राला तुम्ही कोणालाही न विचारता धावायची मोकळीक दिलीत. ते चुकलं, तर त्याच वेगाने चुकत जाणार. मग त्याला थांबवणाऱ्या माणसानेच तेवढी परवानगी का मागायची? विचारायचंच असेल, तर दोघांनीही विचारावं. काल या मुलीने तुमची पेढी वाचवली आणि तुम्ही तिचं पत्र अडवलंत. माझी नोकरी खुशाल घ्या. तो कागद निघेपर्यंत या चार ओळी मी काढणार नाही."

फोन वाजतच होता. शेठ तरुणीकडे वळले.

"पुन्हा असं काही दिसलं, तर काय करशील?"

पत्र अजून खणातच आहे, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"बटण दाबीन."

"मला विचारून?"

"नाही, शेठ. दाबल्यावर सांगीन."

शेठनी भिंतीजवळ जाऊन कागदाचं एक टोक नखाने उचललं. डिंक चांगलाच धरला होता. झाकण घट्ट धरून ठेवायला त्यांनी तिलाच जवळ बोलावलं.