बिब्ब्याची खूण

डोंगरापलीकडच्या एका राज्यात तुळाजी नावाचा देवी टोचणारा होता. तो वाईट नव्हता, कामचुकारही नव्हता. तो दमला होता.

झालं होतं असं, की राजाचा एकुलता एक मुलगा देवीच्या साथीत गेला. वर्षभर राजाने दरबार भरवला नाही. भरवला, तेव्हा पहिला हुकूम काढला. वर्षाच्या वरच्या प्रत्येक मुलाला देवी टोचलीच पाहिजे. ज्या घरच्या मुलाच्या दंडावर टोचल्याची खूण नसेल, त्या घरच्या कोणी आठवड्याच्या बाजारात पाय ठेवायचा नाही. हुकूम चांगला होता, पोटतिडकीने काढलेला होता. फक्त राजाला तो एकदाच सांगायचा होता आणि तुळाजीला रोज, दारोदार.

प्रत्येक दारात तेच. पोराला ताप येईल. देवीचा कोप होईल. आज अमावास्या आहे, नंतर या. पहिली दोन वर्षं तुळाजी ओट्यावर बसून समजावून सांगायचा, स्वतःचा दंड उघडून दाखवायचा. तिसऱ्या वर्षी त्याचे गुडघे दुखायला लागले आणि तो बसेनासा झाला. उभ्या उभ्या "हुकूम आहे" म्हणायचा आणि पोराचा दंड धरायचा. त्यात वेळ कमी जायचा, हे खरंच होतं.

नदीकाठच्या एका गावात चंद्रभागा नावाची माळीण राहत होती. तिचा थोरला मुलगा देवी टोचल्यावर पंधरा दिवसांनी हगवणीने गेला होता. टोचल्याने हगवण लागत नाही, हे तुळाजीला ठाऊक होतं. पण ते तिला सांगायला कोणी बसलं नव्हतं. आता तिची तारू तीन वर्षांची होती. तिला टोचू द्यायचं चंद्रभागेच्या जिवावर येई, आणि बाजार बंद झाला तर वांगी-मिरच्या मळ्यातच सडून जातील हेही दिसत होतं. तेव्हा तिने बिब्बा तापवला आणि त्याच्या तेलाचा चटका पोरीच्या दंडाला दिला. पोर चार दिवस रडली. टोचलं असतं तर इतकी रडलीही नसती.

तुळाजी भर उन्हात तिच्या दारात आला.

"खूण हाय, बघा," चंद्रभागा म्हणाली.

तुळाजीने दंडावरून बोट फिरवलं. खरी खूण खोलगट असते, कणकेत अंगठा दाबल्यासारखी. ही काळी आणि सपाट होती.

"कोणी टोचली?"

"तुमीच की, मागल्या साली."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. खोटं आहे म्हटलं, तर रडारड, आरडाओरडा, वर बाजारबंदीचा कागद. अजून दोन गावं व्हायची होती. तुळाजीने वहीत 'टोचली' असं लिहिलं आणि बाहेर पडला. एक दार तरी भांडणाशिवाय सुटलं, असं त्याला वाटलं. मनातून बरं मात्र वाटलं नाही.

अशी गोष्ट झाकून राहत नाही. तुळाजी बोट फिरवतो आणि काही बोलत नाही, हे पाणवठ्यावर कळलं. पुढच्या वर्षी तो आला, तेव्हा निम्म्या गावाच्या दंडांवर काळ्या, सपाट खुणा होत्या. तो सगळ्यांच्या नावांपुढे 'टोचली' लिहीत गेला. एकदा गप्प बसलेल्या माणसाने आता तोंड तरी कोणत्या तोंडाने उघडायचं?

चंद्रभागेच्या भिंतीला भिंत लागून गोदूचं घर होतं. गोदूने आपल्या दोन्ही मुलांचे दंड स्वतः धरून टोचून घेतले होते. आता तिच्या मांडीवर बारा दिवसांचं तान्हं होतं. तिने विचारलं, "दादा, ह्याला टोचायला अजून वरीस हाय. तवर कसं?"

"आजूबाजूची सगळी टोचलेली आहेत," तुळाजी म्हणाला. "शेजारून रोग येणार कुठून?"

हे तो वही बांधता बांधता म्हणाला. गोदूकडे त्याने पाहिलं नाही.

त्या साली राज्याच्या वह्या पूर्ण भरल्या. राजाने भर दरबारात तुळाजीच्या खांद्यावर शेला घातला.

थंडीत देवीची साथ आली. चंद्रभागेची तारू तापली, अंगभर फोड आले. खोट्या खुणेचा बोभाटा होईल म्हणून चंद्रभागेने दार लावून घेतलं. तारू वाचली, तोंडावर वण घेऊन. तिचे फोड सुकत होते, तेव्हा भिंतीपलीकडे गोदूचं तान्हं तापलं. पाचव्या दिवशी ते गेलं.

तुळाजी आला तो हवालदाराला घेऊनच. गावातली सगळी दारं बंद होती. आज टोचलं तर अजून कितीतरी मुलं वाचण्यासारखी होती, पण हवालदार दिसल्यावर खोटी खूण कोण दाखवणार? फक्त गोदू दारात बसली होती.

ती म्हणाली, "माज्या दोघांचे दंड मी धरले हुते, दादा. तिसऱ्याचं तुमी सांगितलं हुतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर तुळाजीला सोसला असता. तो चावडीपुढे गेला, खांद्यावरचा शेला काढला आणि वहीसकट हवालदाराच्या हातात दिला.

"वहीत खोटं मी लिहिलंय," तो गावाला ऐकू जाईल असं म्हणाला. "बिब्बा बोटाला कळत होता. शिक्षा व्हायची ती आधी मला."

"तुळाजी, नोकरी जाईल," हवालदार हळूच म्हणाला.

"जाऊ दे. बसायला तरी मिळेल."

आणि तो खरोखरच बसला, पहिल्या घराच्या ओट्यावर. बराच वेळ कोणी बाहेर आलं नाही. मग चंद्रभागा आली आणि शेजारी उभी राहिली.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. "मी माझं लेकरू राखत हुते. पर माझा थोरला टोचल्यानं गेला का हगवणीनं, ते आता सगळ्यांम्होरं सांगा."

तुळाजीने सांगितलं. मग दुसऱ्या ओट्यावर तेच सांगितलं, तिसऱ्यावर तेच. चंद्रभागा दारं वाजवत पुढे जात होती आणि बिब्बा लावलेले दंड आयाच उघडून दाखवत होत्या. दिवस मावळेपर्यंत सातच घरं झाली. आठवड्याभरात सगळं गाव टोचून झालं. बरीच मुलं वाचली. चार वाचली नाहीत.

राजाने शेला परत घेतला. काम मात्र तुळाजीकडेच ठेवलं, कारण उन्हातान्हात एवढं हिंडायला दुसरं कोणी तयार नव्हतं. त्यानंतर तो दिवसाला थोडीच घरं करायचा, पण प्रत्येक घरी आधी बसायचा. गोदूकडे टोचायला आता कोणी नव्हतं. तरी तो तिच्या ओट्यावर बसायचा. ती पाणी आणून द्यायची.

तात्पर्य: हुकमाने दंड उघडता येतो, मनातली भीती ओट्यावर बसूनच काढावी लागते, आणि जो दमला म्हणून खोट्या खुणेला खरी म्हणतो, त्याच्या दमण्याचे भोग कुणा तिसऱ्याच्याच लेकराच्या वाट्याला येतात.