मठापुढचं तळं

“पण बाबा, माझे कान फाडणार तरी कधी?”

मंगळनाथ भिक्षेची लांबची फेरी आटोपून नुकतेच मागच्या वाटेनं मठात परतले होते. पायांवरची धूळसुद्धा झटकून झाली नव्हती, तोवर चेल्याचं, त्र्यंबकचं, हे सुरू.

नाथपंथात गुरूनं कान फाडून कुंडलं घातली, की चेला पुरा जोगी होतो. त्र्यंबकला त्याची भारी घाई. पोरगा हुशार होता, आणि खरी पंचाईत तीच होती.

“आजच फाडू,” गुरू वैतागून म्हणाले. “सुरी आण. पाणी आण.”

या मठाची रीत अशी, की कानाची जखम समोरच्या तळ्याच्याच पाण्यानं धुवायची.

त्र्यंबक नुसती सुरी घेऊन आला.

“पाणी?”

“विहिरीचं आणू का?”

“का?”

“तळ्याचं... जखमेला बाधेल, बाबा.”

गुरू उठले. तळ्याकाठी गेले. पाण्यावर काळा तवंग पसरला होता. कडेला मासे उलटे पडले होते आणि वासानं उभं राहवत नव्हतं.

“हे काय केलंस?”

“डास फार झाले होते. ध्यानाला बसवेना. म्हणून गाड्यांचं जळकं तेल आणून ओतलं. अळ्या साफ मेल्या.”

“डास इतके झालेच कसे? बेडूक कुठं गेले?”

“ते रात्रभर ओरडायचे. ध्यान मोडायचं. पोत्यात भरून डोंगरापलीकडं सोडून आलो.” त्र्यंबकचा चेहरा उजळला. “एकही मारला नाही.”

मंगळनाथांनी कपाळावर हात मारून घेतला.

“दुखणं रेड्याला अन् औषध पखालीला...”

“चुकलं असेल, बाबा. पण तळ्यापायी माझी दीक्षा अडवू नका. विहीर चांगली आहे की.”

“विहिरीला पाणी कुठून येतं?”

त्र्यंबकनं विहिरीकडं पाहिलं.

“बोल ना रे.”

“...तळ्यातूनच पाझरतं.”

गुरूंनी तळ्यात लोटा बुडवला. मग एका हातानं त्र्यंबकचा कान धरला आणि लोटा त्याच्या डोळ्यांपुढं आणला. पाण्यावर तेल तरंगत होतं.

त्र्यंबकनं झटकन मान मागं घेतली.

गुरूंनी कान सोडला.

तळ्यात काही हललं नाही.

“मग आता मी काय करू?” त्र्यंबकनं विचारलं.

“ओतलंस कुठल्या हातानं? त्याच हातानं काढ.”

मंगळनाथ ओसरीवर जाऊन आडवे झाले. सुरी उशाशी ठेवली, घोंगडी अंगावर ओढली आणि भिंतीकडं तोंड केलं.

त्र्यंबक पायाशी घुटमळला.

“आणि कान, बाबा...?”

“बेडूक ओरडायला लागले, की मला उठव.”