तांब्यावरचं तोंड

राजांची चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापायचे, त्या काळातली ही गोष्ट. राजा बदलला की हत्यारांच्या पेटीतली म्हातारी तासणी जुन्याचं तोंड तासून काढी. घोडा, चिलखत आणि खालचं ‘प्रजेचा पिता’ तसंच राही. मोकळ्या जागी तरणी कोरणी नवं तोंड कोरी.

तिसऱ्या राजाच्या वेळी कोरणी अडून बसली.

“ज्यानं आधीच्याचा गळा कापला, त्यालाच त्याचं चिलखत? आजी, लाज नाही वाटत?”

“गप कोर! नाहीतर भंगारात जाशील. आम्ही नाही का आयुष्य काढलं?”

“तासूनच काढलंत!” म्हणत कोरणीनं दगडावर आपटून स्वतःचं टोक मोडलं. तिला भंगारात फेकलं आणि घाईत पत्रा बिनतोंडाचाच छापला.

चौकात चित्र लागलं. जाणती मंडळी त्या कोऱ्या जागेला मुजरा करून म्हणाली, “वा! अगदी हुबेहूब.”