आभाळाकडे पाहणारी माकडीण

समुद्रापलीकडच्या एका उष्ण जंगलात लहानखुऱ्या माकडांचा एक कळप राहत असे. मुलांनो, त्या माकडांच्या डोक्यावर काळ्या केसांची टोपी घातल्यासारखी दिसे. त्या साली उन्हाळा लांबला. फळं संपली, किडे मिळेनात, आणि झाडांखाली उरली ती ताडासारख्या झाडाची टणक फळं. ती दातांनी फुटत नसत. आधी आठ दिवस उन्हात वाळू द्यायची, मग चपट्या खडकाच्या खळग्यात ठेवायची, आणि दोन पायांवर उभं राहून दोन्ही हातांनी दगड आपटायचा. आता दगडाचा आवाज एवढा होई, की फोडणाऱ्याला दुसरं काही ऐकूच येत नसे. म्हणून कळपाची रीत होती : एकाने फोडायचं, दुसऱ्याने फांदीवर बसून राखण करायची, आणि गर दोघांनी मिळून खायचा.

एक माकडीण मात्र ही रीत पाळेना. गेल्या वर्षी तिचं पहिलं पिल्लू गरुडाने उचलून नेलं होतं. आता पाठीवर दुसरं होतं, जेमतेम दोन महिन्यांचं. एक घाव घालायची, वर पाहायची. पुन्हा दगड उचलायची, पुन्हा वर पाहायची. घाव तिरका बसे आणि फळ उडून झुडपात जाई. चार दिवस तिच्या पोटात धड काही गेलं नव्हतं आणि दूध आटत चाललं होतं. पिल्लू चोखून चोखून रडायचं. शेजारच्या माकडिणी तिला हसत. एक तर म्हणालीच, "आभाळ खाऊन पोट भरणार आहे का, बाई?" कळपातला एक तुटक्या शेपटीचा म्हातारा मात्र हसला नाही. तो जवळ येऊन म्हणाला, "पोरी, तू फोड. मी बसतो वर."

"नको, आजोबा. त्या दिवशीही वर कुणीतरी बसलंच होतं," ती म्हणाली.

तरी म्हातारा फांदीवर जाऊन बसला, कुणी सांगितलं नव्हतं तरी. इकडे तिने दगड उचलला, तोच खडकावरून एक सावली सरकली. दगड तसाच धरून ती वर पाहत राहिली. ढग होता नुसता, पण तिची नजर काही हटेना. एवढ्यात भुकेलं पिल्लू तिच्या पाठीवरून उतरलं आणि करवंट्यांचे तुकडे चाटत चाटत खडकाच्या कडेला गेलं. तिथे वाळल्या पानांत, पानांच्याच रंगाचा एक अजगर पडला होता. तो हळूच पुढे सरकू लागला.

"पोरी, वर नाही, खाली बघ. पिल्लाकडे," म्हातारा ओरडला.

क्षणभर तिला ते खरं वाटेना. भीती तर वरून येते, खालून कशी येईल? पण म्हाताऱ्याचा आवाज कापत होता. तिने मान खाली केली, हातातला दगड अजगराच्या तोंडासमोर आदळला आणि पिल्लाला शेपटीला धरून ओढलं. अजगराच्या तोंडात पिल्लाच्या पायाचे चार केस तेवढे आले. कळप कलकलाट करत धावून आला, वरून फांद्यांचा मारा झाला, तेव्हा कुठे तो पानांत निघून गेला.

तिने पिल्लाला पोटाशी घट्ट धरलं. आपण डोळे उघडे ठेवून आंधळ्या झालो होतो, हे तिला कळलं. मग तिने म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, बसता का अजून थोडा वेळ?" त्याने होकारार्थी मान डोलावली. तिने खळग्यात फळ ठेवलं, दगड उचलला. मान सवयीने वर जायला लागली. तिने ती जाऊ दिली नाही. घाव सरळ बसला, करवंटी फुटली, आणि गराचा मोठा तुकडा तिने आधी फांदीवर नेऊन दिला.

तात्पर्य : संकट एकदा ज्या बाजूने आलं, तिकडेच डोळे लावून बसलं की बाकीच्या बाजू उघड्या पडतात, म्हणून राखण एकट्याने करू नये, विश्वासाने वाटून घ्यावी.